टाकीत ॲसिटोन ओतण्याआधी ॲव्हरेजचा हिशेब

तोडगा असा सांगतात: दर दहा गॅलन पेट्रोलमागे दोन ते तीन औंस ॲसिटोन (नेलपॉलिश काढायला वापरतात तो द्रव) टाका, ॲव्हरेज पंधरा-वीस टक्क्यांनी वाढेल. २००५ च्या सुमारास अमेरिकेत पेट्रोल कडाडलं तेव्हा तो इंटरनेटवर पसरला आणि अजून फिरतोच आहे. आपल्याकडे येईपर्यंत त्यात थिनर, डांबरगोळ्या, रॉकेल आणि आता सॅनिटायझरसुद्धा शिरलं. ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यावर 'गाडी पूर्वीसारखी देत नाही' ही तक्रार वाढली, तसे हे उताऱ्याचे सल्लेही वाढले.

आधी मापं आपल्या हिशेबात आणू. दहा गॅलन म्हणजे जवळजवळ ३८ लिटर आणि तीन औंस म्हणजे साधारण ९० मिली. ३५ लिटरच्या टाकीला ८० मिलीच्या आसपास, म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासाएवढं. टक्केवारीत ०.२३. गाडी लिटरला १६ किलोमीटर देत असेल तर भरलेली टाकी ५६० किलोमीटर जाते. वीस टक्के वाढ खरी असेल तर त्या ग्लासाने वर ११२ किलोमीटर द्यायला हवेत, म्हणजे सात लिटर पेट्रोलचं काम करायला हवं.

ॲसिटोनमध्ये स्वतःची उष्णता किती? लिटरमागे साधारण २३ मेगाज्यूल. पेट्रोलमध्ये ३२. म्हणजे ८० मिली ॲसिटोन हे जेमतेम ५८ मिली पेट्रोलच्या बरोबरीचं, त्यावर गाडी एक किलोमीटरही जायची नाही. उरलेले १११ किलोमीटर कुठून आणायचे? तोडगेवाले म्हणतात, पेट्रोल 'पूर्ण जळायला' लागतं. पण धड चालणाऱ्या इंजिनात ९८ टक्क्यांहून जास्त पेट्रोल आधीच जळतं. उरलेला अंश सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात संपतो. तिथून फार तर एक-दोन टक्के हाती लागतील, तेही सगळं काही जमून आलं तर. पेट्रोलच्या शंभर रुपयांतले सत्तर-पंच्याहत्तर वाया जातात हे खरं, पण ते न जळल्यामुळे नाही. जळून झालेली उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. तिथे ॲसिटोनचा काही हात पोचत नाही.

दुसरा युक्तिवाद पृष्ठताणाचा: ॲसिटोनने पेट्रोलचा पृष्ठताण उतरतो, फवारा बारीक होतो. ऐकायला शास्त्रीय वाटतं. पण खोलीच्या तापमानाला ॲसिटोनचा पृष्ठताण मीटरला २३-२४ मिलिन्यूटन असतो आणि पेट्रोलचा २१-२२. ज्याचा ताण आधीच जास्त, ते ओतून ताण कमी कसा होणार?

आणि एक गंमत. तुमच्या टाकीत सॉल्व्हंट, म्हणजे ॲसिटोनसारखा विरघळवणारा द्रव, आधीच आहे. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल, म्हणजे ३५ लिटरमध्ये सात लिटर. इथेनॉलमध्येही ऑक्सिजन असतो आणि लिटरमागची उष्णता कमी, साधारण २१ मेगाज्यूल. हिशेबाने ई२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सातेक टक्के आणि ई१० पेक्षा साडेतीनेक टक्के उष्णता कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही ही घट धरली होती: शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई१० ला जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के, ई१० साठी बनवून ई२० ला जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के. सात लिटर सॉल्व्हंटने जे ॲव्हरेज उतरलं ते आणखी ८० मिली सॉल्व्हंटने चढेल, असं मानायला फार मोठा विश्वास लागतो.

इंजिनाचा कॉम्प्युटर काय करतो तेही बघा. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सतत सांगत असतो की मिश्रणात हवा जास्त आहे की इंधन. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९, ॲसिटोनला ९.५. म्हणजे ऑक्सिजन असलेलं काहीही मिसळलं की कॉम्प्युटरला मिश्रण 'पातळ' दिसतं आणि तो इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. तुम्ही ॲसिटोन घातलंत तर गाडी इंधन वाचवण्याऐवजी किंचित जास्त ओढेल.

कुठली बाटली काय करते

सांगितलेल्या मात्रेत शुद्ध ॲसिटोनने गाडीचं फारसं बिघडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. फायदा नाही तसं नुकसानही नाही. गडबड होते ती पुढच्या पायरीवर. फरक दिसत नाही म्हणून माणूस मात्रा वाढवतो, किंवा शुद्ध मिळत नाही म्हणून नेलपॉलिश रिमूव्हर ओततो.

ॲसिटोन रबराचं काय करतं ते पाहायचं असेल तर एक सोपा प्रयोग करा. इंजेक्टरला लागणाऱ्या दोन नव्या ओ-रिंगा (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) घ्या. त्या बहुतेक फ्लुओरो-रबराच्या असतात, हार्डवेअरवाले 'व्हायटॉन' म्हणतात. दोन काचेच्या बाटल्या घ्या. एकीत पेट्रोल, दुसरीत ॲसिटोन, प्रत्येकी वीस-तीस मिली. झाकण घट्ट लावून बाल्कनीत सावलीत ठेवा, आसपास गॅस, उदबत्ती, काही नको. दोन दिवसांनी चिमट्याने काढून व्हर्नियरने मोजा. पेट्रोलमधली जवळजवळ तशीच असेल. ॲसिटोनमधली फुगलेली, मऊ पडलेली, आणि ओढली तर तुटायला आलेली. व्हायटॉन पेट्रोलला उत्तम टिकतं, पण कीटोन वर्गाच्या रसायनांपुढे हार खातं, आणि ॲसिटोन त्याच वर्गातलं. साधं नायट्राईल रबरही ॲसिटोनला टिकत नाही, आणि ॲसिटोनला टिकणारं ईपीडीएम पेट्रोलमध्ये फुगतं. म्हणून दोन्हींना पुरून उरेल असं स्वस्त रबर गाडीत नाही. ०.२ टक्क्याला ही अवस्था येत नाही. पाच-दहा टक्क्यांना नेलंत तर इंजेक्टरच्या बुडाशी पेट्रोल पाझरायला लागू शकतं, आणि तेही गरम इंजिनावर.

ओतताना दोन थेंब बाहेर सांडले तर फ्युएल लिडच्या भोवतालचा रंग सुटतो. पुसायला घेतलेल्या फडक्याने तेच टेललॅम्पवर लागलं तर प्लास्टिकला बारीक तडे जातात. पॉलिशने ते भरत नाहीत.

नेलपॉलिश रिमूव्हर हे नुसतं ॲसिटोन नसतं. त्यात पाणी, सुगंध आणि नखं कोरडी पडू नयेत म्हणून तेलकट पदार्थ असतात. 'ॲसिटोन-फ्री' लिहिलेल्यात बहुधा इथाइल ॲसिटेट. सॅनिटायझर आणखी वाईट: अल्कोहोल असलं तरी बरंच पाणी, ग्लिसरीन आणि जेल बनवणारा पॉलिमर. इथेनॉल असलेलं पेट्रोल थोडं पाणी सामावून घेतं. त्यापलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात. पंपाच्या तोंडाचा जाळीदार फिल्टर नेमका तळाशीच असतो. सकाळी किल्ली फिरवली की इंजिनाला पेट्रोलऐवजी तेच मिळतं.

थिनरची रचना डब्यागणिक वेगळी. रंगाऱ्याच्या एनसी थिनरमध्ये टोल्युईन, झायलीन, ॲसिटेट, ॲसिटोन, कधी मिथेनॉल. यातलं टोल्युईन खरंच चांगलं इंधन आहे: ऑक्टेन (वेळेआधी पेट न घेता दाब सोसायची ताकद) भरपूर, लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा दहाएक टक्के जास्त. १९८८ च्या फॉर्म्युला वन हंगामात होंडाच्या टर्बो इंजिनाने ८४ टक्के टोल्युईन आणि १६ टक्के हेप्टेनचं इंधन जाळलं होतं. पण ते इंजिन त्यासाठी बनवलेलं होतं आणि इंधन आधी गरम करून द्यावं लागत असे. तुमच्या डब्यात टोल्युईन किती हे डब्यावर लिहिलेलं नसतं, आणि दहा टक्के जास्त उष्णतेसाठी पेट्रोलहून महाग द्रव ओतणं हा कुठला हिशेब?

टर्पेंटाइन, रंगाऱ्यांच्या भाषेत टर्पेन, हे रॉकेलच्या जातीचं: जड आणि ऑक्टेन कमी. झाडाच्या राळेपासूनचं खरं टर्पेंटाइन असेल तर ठेवून ठेवून चिकट होतं आणि इंजेक्टरवर लाखेसारखा थर देतं. रॉकेलचं तर सगळ्यांना माहीत आहे. चढावर टकटक आवाज येतो, पिकअप जातो, थंडीत गाडी लवकर घेत नाही. न जळलेलं रॉकेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढली की ऑइल पातळ आणि वाढलेलं दिसतं, वास रॉकेलचा. रेशनच्या रॉकेलला निळा रंग घालतात तो भेसळ ओळखता यावी म्हणूनच. महाराष्ट्रात हा विषय थट्टेचा नाही. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं होतं.

डांबरगोळ्यांचा सल्ला आजोबांच्या काळातला आहे. तेव्हा पेट्रोलचं ऑक्टेन कमी होतं आणि नॅफ्थलीनने किंचित फरक पडत असेल. गोळी पेट्रोलमध्ये विरघळते, पण पेट्रोल उडालं की नॅफ्थलीन मागे उरतं आणि त्याचे खडे होतात. महिनाभर उभ्या असलेल्या कार्ब्युरेटरच्या स्कूटरमध्ये ते जेटमध्ये बसतात. त्यातून आजच्या कित्येक गोळ्या नॅफ्थलीनच्या नसतातच, पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात. त्यात क्लोरीन असतं आणि जळल्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं. व्हॉल्व्ह, सायलेन्सर आणि कन्व्हर्टर तिघांनाही ते मानवत नाही.

डिझेल गाडीवाल्यांनी तर या वाटेला जाऊच नये. डिझेल पंपाला आणि इंजेक्टरला वंगण डिझेलच देतं. आताच्या डिझेल गाड्यांतल्या कॉमन रेल पंपात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जोरदार दाबाने डिझेल देणाऱ्या पंपात, दुसरं ऑइल नसतं. ॲसिटोन, थिनर, पेट्रोल यांत वंगण जवळजवळ नाहीच. पंप आतून खरवडला की धातूचा चुरा रेलमधून चारी इंजेक्टरमध्ये जातो, आणि मग बिल पंपाचं, इंजेक्टरचं, टाकी धुण्याचं, सगळ्यांचं मिळून येतं. शिवाय ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते ते, उणे २० अंश. डिझेलच्या टाकीवरची वाफ एरवी पेट घेत नाही, पण ॲसिटोन पडलं की घेऊ शकते.

कायद्याचीही बाजू आहे. केंद्राचा २००० सालचा सॉल्व्हंट, रॅफिनेट आणि स्लॉप आदेश गाड्यांत असले पदार्थ वापरू नयेत यासाठीच काढलेला आहे, आणि ते त्याच्या पूर्ण नावातच आहे. अपघातानंतर विमा कंपनीच्या माणसाला टाकीत थिनर सापडलं तर तो काय लिहील, याचाही विचार करा.

आधीच ओतलं असेल तर

कटिंगच्या ग्लासाएवढं शुद्ध ॲसिटोन गेलं असेल तर घाबरू नका. टाकी भरून घ्या आणि गाडी चालवा. एका टाकीत विषय संपतो.

अर्धा-एक लिटर थिनर, रॉकेल, सॅनिटायझर किंवा रिमूव्हर गेलं असेल, आणि गाडी अजून सुरू केलेली नसेल, तर किल्ली 'ऑन'लाही नेऊ नका. बहुतेक गाड्यांत किल्ली 'ऑन' झाली की पेट्रोल पंप दोन-तीन सेकंद फिरतो आणि घाण टाकीतून लाइनमध्ये येते. पुश बटन असेल तर बटनाला हात लावू नका. गाडी ढकलून किंवा टो करून गॅरेजला न्या. बऱ्याच लहान गाड्यांत मागच्या सीटखाली पंपाचं झाकण असतं. तिथून टाकी रिकामी करता येते. फिलरच्या तोंडातून नळी घालून उपसणं आताच्या गाड्यांत सहसा जमत नाही, मध्ये अडथळा दिलेला असतो. आणि तोंडाने ओढून तर मुळीच नाही, फुप्फुसात गेलेलं चमचाभर पेट्रोलही दवाखान्यात नेतं.

उपसलेलं पेट्रोल लोखंडी डब्यात घ्या. प्लास्टिकच्या बादलीत स्थिर वीज साठते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून बेसमेंटच्या पार्किंगमध्ये हे काम नाही. ती जमिनीलगत सरकत पलीकडच्या लिफ्टच्या मोटरपर्यंतही जाते. उपसलेलं गटारात ओतू नका, गॅरेजवाल्याकडे भाग धुवायला चालतं.

मोजायचं कसं

'फरक पडला' असं म्हणणारे बहुतेक जण खोटं बोलत नाहीत, त्यांचं मोजमाप कच्चं असतं. नवीन काही टाकलं की पाय आपोआप हलका पडतो. बाटली ओतायचा दिवसही बहुधा तो असतो जेव्हा गेल्या टाकीचं ॲव्हरेज खूप खराब आलेलं असतं. पुढची टाकी काही न करताही बरी आली असती.

खरं मोजायचं असेल तर फुल टू फुल. एकच पंप ठरवा आणि त्यातलंही एकच नोझल. सकाळी जा, कारण दहा अंश तापमानाने पेट्रोलच्या आकारमानात टक्काभर फरक पडतो. गाडी दर वेळी त्याच जागी, त्याच तोंडाने उभी करा. फोरकोर्टला उतार असतो आणि उताराने टाकीत हवेचा कप्पा बदलतो. मीटर शून्यावर आहे का पाहा. नोझल पूर्ण आत, मधल्या वेगाला. पहिली 'टक्' झाली की थांबा. नेमकं तेव्हाच पंपावरचा मुलगा म्हणतो, 'राउंड फिगर करू का?' नाही म्हणा. दोन हजार एकतीस रुपये झाले तर दोन हजार एकतीस द्या. पहिल्या टक्नंतर ढोसलेलं अर्धं लिटर पंचवीस लिटरच्या भरण्यात दोन टक्क्यांची चूक आणतं. टाकी काठोकाठ भरल्याने वाफ शोषणारा कोळशाचा डबाही भिजतो, तो खर्च वेगळा.

पावतीवर लिटर दोन दशांशांपर्यंत असतात. त्यावरच ओडोमीटरचा आकडा लिहा. पुढचा भरणा किमान ३०० किलोमीटरनंतर, जितका उशिरा तितकी चूक कमी. समजा तीन भरणे असे आले: ४०२ किलोमीटरला २४.८ लिटर, ३८८ ला २२.९, ४३१ ला २६.१. लिटरमागे १६.२, १६.९ आणि १६.५. सरासरी काढताना हे तीन आकडे बेरीज करून तीनने भागू नका. एकूण १२२१ किलोमीटर भागिले एकूण ७३.८ लिटर, म्हणजे १६.५४. आता या तिघांत काहीही टाकलेलं नसताना खालचा आणि वरचा आकडा चार टक्क्यांहून जास्त लांब आहेत. म्हणजे एका टाकीवर 'पाच टक्के वाढलं' याला काही अर्थ नाही. एवढा गोंधळ रोजच असतो.

म्हणून तीन भरणे नेहमीचे, तीन बदलाचे, आणि पुन्हा तीन नेहमीचे. तिसरा टप्पा लोक गाळतात. तोच महत्त्वाचा. बदल काढल्यावर आकडा खाली आला नाही तर वाढ ऋतूची, रस्त्याची किंवा तुमच्या पायाची होती. पंपावरचं महागडं 'प्रीमियम' पेट्रोल तपासायला हीच पद्धत वापरा, ते कायदेशीरही आहे. डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज इंजेक्टर किती वेळ उघडा होता यावरून काढलेलं असतं. ते पावतीच्या हिशेबाशी क्वचितच जुळतं, कालच्याशी आजची तुलना करण्यापुरतंच घ्या.

पंपाबद्दल शंका असेल तर पाच लिटरचं प्रमाणित माप आणि फिल्टर पेपर मागायचा तुम्हाला हक्क आहे. नोझलचं तोंड पुसून पेपरवर एक थेंब टाका. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडतं. तेलकट कडा उरली तर पुढे तक्रार करा.

गेलेलं ॲव्हरेज कुठे शोधायचं

ब्लूटूथचा एक ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे फोनवर दाखवणारं छोटं यंत्र), ईएलएम३२७ जातीचा, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावा. गाडी गरम झाल्यावर तीन आकडे पाहा: कूलंटचं तापमान, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम. ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त (अधिक) किंवा कमी (उणे) देतोय तो आकडा.

कूलंट दहा मिनिटांत ८० च्या वर जाऊन ८५ ते ९५ च्या आसपास टिकायला हवं. हायवेला ते ६५-७० वर उतरत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकला आहे, किंवा मागच्या मेकॅनिकने तो काढूनच टाकला आहे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढणं ही आपल्याकडची फार जुनी खोड. इंजिन थंड राहिलं की कॉम्प्युटरला वाटतं अजून गरम व्हायचंय, आणि तो पेट्रोल जास्त देत राहतो. बाटलीतल्या कुठल्याही रसायनाने जे मिळणार नाही ते या एका सुट्या भागाने मिळतं.

लाँग टर्म ट्रिम शून्याच्या पाच टक्के अलीकडे-पलीकडे ठीक. ई२० वर दोन-चार टक्के अधिककडे झुकलेली असणं साहजिक. अधिक दहाच्या वर गेली तर कुठून तरी हवा शिरते आहे, पंप मंदावला आहे किंवा इंजेक्टर मळलेत. फारच वाढली की पी०१७१ (मिश्रण पातळ) हा कोड येतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. उणे दहाच्या खाली असेल तर इंजेक्टर गळतोय किंवा पर्ज व्हॉल्व्ह (कोळशाच्या डब्यातली वाफ इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकलाय, आणि पेट्रोल खरोखर वाया जातंय. ऑक्सिजन सेन्सर पूर्ण बिघडला तर ॲव्हरेज चाळीस टक्क्यांपर्यंत पडू शकतं, अशी नोंद अमेरिकी सरकारी माहितीत आहे. याच सरकारने शंभराहून अधिक 'इंधन वाचवणारी' साधनं तपासली आणि ठळक फायदा देणारं एकही सापडलं नाही.

मग चाकं. वीस किलोमीटर कमी ब्रेकमध्ये चालवून थांबा आणि प्रत्येक रिमजवळ हात न्या, डिस्कला लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलं असेल तर ब्रेक धरून ठेवतोय. जॅकवर घेऊन हाताने फिरवा, सहज फिरायला हवं. बहुधा कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना सुकलेल्या असतात. काढून, पुसून, सिलिकॉन ग्रीस लावून बसवल्या की सुटतं. पावसाळ्यानंतर हे हमखास सापडतं.

हवा थंड टायरमध्ये, ड्रायव्हरच्या दरवाजावरच्या स्टिकरप्रमाणे. चारही टायर एक पीएसआय कमी असले तर ०.२ टक्के जातात, म्हणजे ३३ च्या जागी २५ असेल तर दीडएक टक्का. फार नाही, पण फुकट आहे.

सिग्नलला एसीसकट उभी गाडी तासाला पाऊण लिटर धरा. रोजची वीस मिनिटं म्हणजे पाव लिटर, महिन्याच्या पंचवीस दिवसांत सहा लिटर. ८० ऐवजी १०० ने गेलात की हवेचा अडथळा ५६ टक्क्यांनी वाढतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ऑइल ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलं असताना गॅरेजच्या पिंपातलं जास्त दाट २०डब्ल्यू-५० पडत असेल तर तिथेही टक्का-दोन टक्के जातात. एअर फिल्टरबद्दल मात्र अपेक्षा ठेवू नका. इंजेक्शनच्या गाडीत मळका फिल्टर पिकअप मारतो, ॲव्हरेजवर फारसा परिणाम करत नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत करतो.

टाकीत काही ओतायचंच असेल तर पॉलिइथरअमाइन असलेला इंजेक्टर क्लीनर, बाटलीवर लिहिलेल्या मापाने, दहा हजार किलोमीटरला एकदा. तो साचलेला थर काढतो. थर नसेल तर काहीच करत नाही.

थिनरची खरी जागा

सॉल्व्हंट गाडीला उपयोगी आहेत, पण टाकीबाहेर. थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) पाकळीभोवती काळा चिकट थर बसतो. त्याने आयडलिंग हलतं आणि एसी लावला की गाडी बंद पडायला येते. इंजिन थंड, किल्ली काढलेली. एअर फिल्टरकडून येणाऱ्या होसचा क्लॅम्प सोडवा. थ्रॉटल क्लीनर किंवा कार्ब क्लीनर कापडावर मारा, थेट आत नको, नाहीतर सेन्सर आणि शाफ्टच्या बेअरिंगमध्ये जातो. पाकळीची कड आणि भोवतालची भिंत पुसा. काही पाकळ्यांवर कारखान्यात दिलेला लेप असतो. शुद्ध ॲसिटोन किंवा थिनर तो सोलून काढतं आणि मग आयडलिंग कधीच नीट बसत नाही. आत जाणारी हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरला हे काहीही चालत नाही, त्याचा क्लीनर वेगळा मिळतो.

जुन्या बाइकचा कार्ब्युरेटर उघडला तर आधी ओ-रिंग, बाऊलचं गॅस्केट, डायफ्रॅम आणि प्लास्टिकचा फ्लोट बाजूला काढा. त्यानंतरच पितळी आणि ॲल्युमिनियमचे भाग तासभर थिनरमध्ये बुडवा. जेटच्या भोकात तार घालू नका, भोक मोठं झालं की ॲव्हरेज कायमचं गेलं. हवेचा झोत मारा आणि जेट उजेडाकडे धरून गोल भोक दिसतंय का पाहा. हातात साधे निळे नायट्राईल मोजे असतील तर ॲसिटोन त्यातून काही मिनिटांत पार होतं, ब्यूटिलचे घ्या.

थ्रॉटल साफ केल्यावर गाडी सुरू केली की आयडलिंग हजार-दीड हजारावर चढलेलं दिसेल. कॉम्प्युटर अजून मळक्या पाकळीच्या हिशेबाने चालतोय. एसी बंद, हेडलाइट बंद, दहा मिनिटं नुसती चालू ठेवा. तरी उतरलं नाही तर गॅरेजमधल्या स्कॅनरने थ्रॉटल रीलर्न, म्हणजे कॉम्प्युटरला साफ पाकळीची नवी जागा शिकवून घ्या.